महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचे चरित्र

जपानची राजधानी टोकियो येथे १९०१ साली स्त्रियांचे एक विद्यापीठ निघाले. त्याची हकीकत सांगणारे एक छोटेसे पुस्तक १९१५ च्या ऑगस्ट महिन्यात टपालाने पुण्यास एका वृद्ध प्रोफेसरांच्या हाती आले. त्यांनी ते वरवर चाळले व बाजूस ठेवून दिले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. कॉलेजातील नोकरी संपली होती. परंतु काही महिन्यांनी ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडले, आणि पुढील वर्षी हिंदुस्थानात स्त्रियांचे पहिले विद्यापीठ स्थापन झाले. हे प्रोफेसर म्हणजे धोंडो केशव कर्वे होत. लोक त्यांस प्रेमाने अण्णा व आदराने महर्षि म्हणत.

आज पनवेल तालुक्यातील विचुंब्यासारख्या गावातून एखादी मुलगी पुस्तके घेऊन कॉलेजास निघाली तर कोणी मान वर करून पाहत नाही. ज्या काळी कर्वे जन्मले त्या काळी मुलीच्या हाती पाटी दिली तर तिला वैधव्य येते, असे समजणारी घरे आमच्या कोकणात जागोजागी होती. ती स्थिती पालटण्यास जे पुष्कळ हात लागले, त्यांत ह्या गृहस्थाचे हात फार वर्षे आणि फार निमूटपणे राबले.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरूड येथे होते. घरची गरिबी होती. वडील दुसऱ्याच्या पदरी कारभार पाहून संसार चालवीत. तथापि मुरुडास सोमण नावाचे एक शिक्षक होते. शाळेच्या पुस्तकांपलीकडेही काही सांगावे, मुलांस गावाच्या उपयोगी लावावे, अशी त्यांची वृत्ती होती. त्यांच्याच प्रेरणेने लहानगा धोंडू गावकऱ्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. गावातील शिक्षकाचे काम किती दूरवर पोहोचते हे त्या शिक्षकास बहुधा कळत नाही. आमच्या शाळामास्तरांनी व उपदेशकांनी ही गोष्ट वाचून ठेवावी.

सतराव्या वर्षी एक प्रसंग घडला. मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उतरल्यावाचून शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळत नसे, आणि त्या परीक्षेचे ठिकाण होते सातारा. मुरुडापासून सातारा एकशे दहा मैल. विचुंब्याहून पायी निघून पुणे गाठावे आणि पुन्हा अर्धी वाट मागे यावे, सुमारे इतके ते अंतर. मध्ये सह्याद्री. कर्वे व त्यांचे काही सोबती पाठीवर शिधा घेऊन पावसापाण्यातून, डोंगर चढून साताऱ्यास पोहोचले. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी असावी लागत. कर्वे अंगाने लहानखुरे होते. परीक्षकांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा नव्हे असे ठरवून त्यांस परत लाविले. दाखला दाखवूनही उपयोग झाला नाही. एकशे दहा मैल आले तसे गेले.

पुढे ती परीक्षा ते उतरले, इंग्रजी शिकले, आणि मुंबईस येऊन रॉबर्ट मनी स्कूल ह्या मिशनच्या शाळेतून १८८१ साली मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. ज्या वयात इतर मुले बी. ए. होऊन बाहेर पडत त्या वयात हे शाळेच्या बाकावर होते. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुंबईच्या निरनिराळ्या शाळांत व घरोघर शिकवण्या करून त्यांनी काही वर्षे काढिली. ह्यांतील बहुतेक प्रवास पायीच होत असे.

चौदाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले होते. पत्नी राधाबाई तेव्हा आठ वर्षांची होती. मुंबईच्या बिऱ्हाडी कर्व्यांनी तिला लिहिणे-वाचणे शिकविले. १८९१ साली ती वारली व मागे रघुनाथ हा एक लहान मुलगा राहिला. त्याच साली नामदार गोखल्यांनी आपल्या ह्या जुन्या सहाध्यायास पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास बोलाविले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे ती जागा रिकामी होती. कर्वे गेले, आणि १९१४ पर्यंत तेथेच राहिले.

आता त्यांच्या पुनर्विवाहाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कार्याचे मूळ तेथे आहे.

मुंबईस कर्व्यांचे नरहरपंत जोशी म्हणून एक मित्र होते. दोघांची बिऱ्हाडे एकत्र होती. नरहरपंतांची बहीण गोदूबाई. देवरुखकडील ही मुलगी आठव्या वर्षी लग्न होऊन तीनच महिन्यांत विधवा झाली होती. सासरच्या घरी राबण्यात तिची वर्षे गेली. वयात आल्यावर भावाने तिला मुंबईस आणिले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच होती. पंडिताबाईंच्या हाताखाली ती शिकली, आणि सदन पुण्यास गेले तेव्हा तीही पुण्यास गेली.

राधाबाईच्या मृत्यूनंतर दुसरे लग्न करावयाचे तर विधवेशीच करावयाचे, असा कर्व्यांचा निश्चय होता. पस्तिशीच्या सुमाराच्या विधुरास दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळे. समाजास त्यात काही वावगे वाटत नसे. तेवढ्याच वयाच्या विधवेस मात्र मरेपर्यंत अंधारात बसावे लागे. हा अन्याय केवळ व्याख्यानांत निषेधून भागणार नाही, असे कर्व्यांचे मत होते. दोन्ही बाजूंचे बोलणे होऊन १८९३ च्या मार्च महिन्यात पुण्यास त्यांचा गोदूबाईंशी विवाह झाला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेविले.

त्यानंतर नवराबायको मुरुडास गेली. गावाने सभा भरवून ठराव केला: कर्वे ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसू नये, त्यांच्या आईने किंवा भावाने त्यांस घरात घेतले तर त्या घरासही वाळीत टाकावे. वाळीत पडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या आजापणज्यांनी नव्या मार्गात पाऊल टाकिले त्यांस समजावून सांगावयास नको. पाणवठा, लग्नकार्य, मर्तिकाचा खांदा, सगळे एका दिवसात बंद होते. कर्व्यांस सर्वांत जास्त लागले ते हे, की शिक्षा त्यांच्या एकट्यावर न येता म्हाताऱ्या आईवर आली. ते भांडले नाहीत. गावास शिव्याशाप दिले नाहीत. पुण्यास परत आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी नावाची संस्था त्यांनी काढिली.

ह्या संस्थेच्या कामात त्यांस एक गोष्ट कळून चुकली. हजारात एखाद्या विधवेचे लग्न होईल, उरलेल्यांचे काय? ज्यांचे लग्न व्हावयाचे नाही, किंवा ज्यांस ते करावयाचे नाही, त्यांस स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, आणि त्यास शिक्षणावाचून दुसरा मार्ग नाही. शारदासदन हे काम करीतच होते. परंतु १८९३ साली सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे अशी बोलवा होऊन पुण्यात मोठी खळबळ उडाली. रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनी अंग काढून घेतले व पुष्कळ पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या. पंडिताबाईंनी आपल्या अंतःकरणास जे खरे वाटले ते लपविले नाही, ह्याबद्दल त्यांस दोष देता येणार नाही. परंतु ज्या मुली घरी परत नेण्यात आल्या त्यांचे शिकणे थांबले, हीही गोष्ट खरी होती. त्यांच्यासाठी, जुन्या मताच्या घरांस ज्याचा धाक वाटणार नाही असे एक ठिकाण कर्व्यांस हवे होते.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढिला. डॉक्टर भांडारकर अध्यक्ष झाले. कर्व्यांजवळ जन्माची शिल्लक एक हजार रुपये होती, ती त्यांनी आश्रमास दिली. पुढे आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही देऊन टाकिली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून विधवाविवाहाच्या मंडळीशी असलेला आपला संबंध त्यांनी तोडला. आश्रमातील मुलींचे विवाह जुळविण्याचे काम संस्था करणार नाही, असे जाहीर केले.

ह्या सावधगिरीची किंमत कोणी भरली, हेही सांगितले पाहिजे. ज्या आश्रमाच्या संस्थापकाने स्वतः विधवेशी लग्न केले होते, त्याच आश्रमात त्या विधवेस, म्हणजे आनंदीबाईंस, मोकळेपणी वावरता येईना. पुनर्विवाहितेचा वारा तेथील मुलींस लागू नये अशी लोकांची अपेक्षा असे. पुढे आनंदीबाईंनी आपल्या आठवणी सांगितल्या त्या माझे पुराण ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. नवऱ्याने सगळी शिल्लक व विमा परस्पर दिला तेव्हा मुलाबाळांच्या काळजीने आपण किती रडलो, हे त्यांनी तीत आडपडदा न ठेविता सांगितले आहे. मोठ्या पुरुषांच्या चरित्रांत ही बाजू बहुधा गाळली जाते. आनंदीबाई नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले व संसारास हातभार लाविला. त्या तशा उभ्या राहिल्या म्हणूनच अण्णांस आपले सर्वस्व देता आले, असे आम्हांस वाटते.

पुण्यास प्लेगाची साथ सुरू झाल्यावर आश्रम गावाबाहेर नेणे भाग पडले. शहरापासून चार मैलांवर हिंगणे बुद्रुक येथे माळावर जमीन मिळाली. तेथे १९०० साली एक झोपडी उभी राहिली, आणि आश्रमाचे सामान व मुली तेथे आल्या. आजूबाजूस वस्ती नाही, रस्ता नाही. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत, आणि सायंकाळी आश्रमास लागणारा जिन्नस घेऊन पायी हिंगण्यास जात. मुलींस शिकवीत, आजाऱ्यांची विचारपूस करीत, रात्र तेथे काढून सकाळी पुन्हा चार मैल चालत कॉलेजात हजर होत. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई. कितीदा तरी ते अंधारात घसरून पडले. हा क्रम काही आठवडे नव्हे, वर्षेच्या वर्षे चालला. साताऱ्याच्या वाटेवर ज्या पायांस सवय लागली ती येथे उपयोगी पडली. आज पुण्याच्या त्या दिशेच्या हमरस्त्यास कर्वे रोड असेच म्हणतात.

आश्रमास माणसेही तशीच मिळाली. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले वयाच्या विशीत विधवा होऊन पदरी मूल घेऊन माहेरी आली होती. ती वयाने मोठी झाल्यावर अक्षरे शिकली, आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरू लागली. पुढे १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, ही बाई एकटी अमेरिकेस गेली, लोकांच्या घरी कामे करून राहिली व दोन वर्षांनी आश्रमासाठी पैसे घेऊन परत आली. तिचे चरित्र स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे.

परंतु हा आश्रम आरंभी कोणासाठी होता? उच्चवर्णीय, बहुधा ब्राह्मण विधवांसाठी. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे, की आपली बहीण जनाबाई हिला आश्रमात घ्यावे म्हणून ते कर्व्यांकडे गेले, आणि ब्राह्मणेतर मुलीस घेणे शक्य नाही म्हणून त्यांस परत यावे लागले. शिंद्यांस ते फार झोंबले, आणि झोंबणे योग्यच होते. अंगाने लहान म्हणून साताऱ्यास ज्यास दारातून परत लाविले, मुरुडास ज्यास बैठकीतून उठविले, त्याच्याच दारातून एक मुलगी जातीसाठी परत गेली. आश्रम कोवळा आहे, जातिभेदाच्या प्रश्नास हात घातला तर आहेत त्या मुलीही लोक घरी नेतील, अशी भीती त्यात होती. शारदासदनाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. भीती खरी असेल. पण त्या भीतीचा हप्ता जनाबाईने भरला. हे कर्व्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही, कारण त्यांचे उरलेले आयुष्य पाहिले म्हणजे असे दिसते की ज्या वर्तुळात त्यांनी आरंभ केला ते वर्तुळ ते दर दहा-पंधरा वर्षांनी मोठे करीत गेले.

१९०७ साली त्यांनी महिला विद्यालय काढिले, म्हणजे विधवांबरोबर कुमारिका व सधवा शिकू लागल्या. पुढील साली निष्काम कर्ममठ स्थापून ह्या संस्थांस जन्मभर वाहून घेणारे सेवक जमविले. आणि मग ते जपानचे पुस्तक आले.

पुस्तक पाठविणारे काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त होत. कर्व्यांस १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान मिळाले होते. भाषणाची तयारी करिताना त्यांनी ते बाजूस ठेविलेले पुस्तक पुन्हा हाती घेतले, आणि ह्या वेळी ते सोडवेना.

जपानातील त्या विद्यापीठाची हकीकत आमच्या वाचकांस थोडीशी सांगण्याजोगी आहे. त्याचे संस्थापक नारुसे जिन्झो हे कर्व्यांप्रमाणेच १८५८ साली जन्मले. तरुणपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी मंडळीचे पाळक म्हणून काम केले, मुलींच्या मिशन शाळांत शिकविले, आणि अमेरिकेस जाऊन शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला. परत आल्यावर स्त्रियांस उच्च शिक्षण मिळालेच पाहिजे, असे पुस्तक त्यांनी लिहिले. पुस्तकाने इमारत उभी राहत नाही. त्यास वजनदार माणूस लागतो. तो त्यांस ओकुमा शिगेनोबु ह्यांच्या रूपाने मिळाला. ओकुमांचा जन्म १८३८ सालचा. नागासाकी येथे व्हर्बेक नावाच्या मिशनरी साहेबांजवळ ते तरुणपणी इंग्रजी शिकले. त्या वेळी त्यांची पाठ्यपुस्तके दोन, एक नवा करार व दुसरे अमेरिकेची राज्यघटना. जुनी राजवट मोडून नवे जपान उभारणाऱ्या मुत्सद्द्यांत त्यांची गणना होते. १८८१ साली सरकारातून बाहेर पडावे लागल्यावर त्यांनी लोकनियुक्त सभेची मागणी करणारा पक्ष काढिला, आणि १८८२ साली टोकियोत एक विद्यालय स्थापिले. तेच पुढे वासेदा विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आले. १८८९ साली ते परराष्ट्रमंत्री असता एका माथेफिरूने त्यांच्या गाडीवर बाँब फेकिला व त्यांस एक पाय गमवावा लागला. तरी ते दोनदा पंतप्रधान झाले. नारुसे ह्यांच्या स्त्री-विद्यापीठाच्या संस्थापक समितीचे अध्यक्षपद ह्या मुत्सद्द्याने स्वीकारिले, आणि तेव्हा पैसा व जागा मिळू लागली.

कर्व्यांच्या पाठीशी असा कोणी पंतप्रधान नव्हता. राज्य परक्यांचे होते. त्यांनी परिषदेत आपली योजना मांडिली, आणि पुढील वर्षी, ३ जून १९१६ रोजी, पुण्यास महिला विद्यापीठाची स्थापना झाली. डॉक्टर भांडारकर कुलपति व रँग्लर परांजपे कुलगुरु झाले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

विद्यापीठाची मुख्य गोष्ट ही, की शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे. मुंबई विद्यापीठात सर्व काही इंग्रजीतून चाले, आणि घरात मराठी किंवा गुजराथी बोलणारी मुलगी आठ-दहा वर्षे परक्या भाषेशी झगडण्यातच थकून जाई. कर्व्यांनी इंग्रजी टाकिली नाही, ती दुसरी भाषा म्हणून सक्तीची ठेविली. गांधीजींस ही सक्तीही पसंत नव्हती. गृहव्यवस्था, आरोग्य व बालसंगोपन ह्यांस अभ्यासक्रमात स्थान मिळाले. पदवीचे नाव ठेविले गृहीतागमा. पुष्कळ सुधारकांनी नाके मुरडिली: मुलींस वेगळे, सोपे शिक्षण देणे म्हणजे त्यांस कायमचे खालच्या पायरीवर बसविणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु त्या दिवशी मुलींपुढे उंच पायरी व खालची पायरी अशा दोन वाटा नव्हत्याच. बहुतेकींपुढे चुलीशिवाय काही नव्हते.

सरकारने ह्या पदवीस मान्यता दिली नाही. गृहीतागमा होऊन बाहेर पडलेल्या बाईस सरकारी खात्यात पदवीधर म्हणून कोणी ओळखीत नसे. टोकियोतही हाच प्रकार होता. तेथील संस्थेस कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ साली. आमच्याकडे तो १९५१ साली मिळाला. म्हणजे पस्तीस वर्षे ह्या मुली केवळ शिकण्यासाठी शिकल्या.

पैशाची चिंता १९२० साली बरीच हलकी झाली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात टोकियोचे ते स्त्री-विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाख रुपये देऊ केले, आणि विद्यापीठाचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ असे झाले. पुढे त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले. लोक त्यास चार अक्षरांनी एस. एन. डी. टी. म्हणतात, त्या अक्षरांत एका आईचे नाव आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते.

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासास निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका पाहून व ठिकठिकाणी विद्यापीठाविषयी व्याख्याने देऊन ते जपानात उतरले. ज्या विद्यापीठाचे वर्णन त्यांनी पुस्तकात वाचिले होते ते त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. नारुसे १९१९ साली व ओकुमा १९२२ साली वारले होते. भेट व्हावयाची राहून गेली. त्यानंतर लवकरच ते आनंदीबाईंस घेऊन आफ्रिकेस गेले व तेथील हिंदी लोकांकडून विद्यापीठासाठी वर्गणी आणिली. ज्या बाईस एकेकाळी आश्रमाच्या अंगणात मोकळेपणी वावरता येत नव्हते, ती आता त्याच कार्यासाठी समुद्रापार नवऱ्याबरोबर उभी होती.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने विश्रांति घ्यावी असे कोणीही म्हणेल. कर्व्यांनी १९३६ साली नवे काम काढिले: महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे शाळा काढावयाची, मग मूल कोणत्याही जातीचे असो. त्यांनी आपल्या अल्पशा पेन्शनीतून दरमहा रक्कम वेगळी काढिली, आणि हाती वर्गणीची पेटी घेऊन पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार फिरू लागले. कोणी आणा दिला, कोणी दोन आणे, कोणी दार लाविले. आमच्या मंडळ्यांतील ज्यांनी चार इयत्ता एका खोलीत, एका फळ्यावर शिकविल्या आहेत त्यांस ह्या शाळांचे चित्र सहज डोळ्यांपुढे उभे करिता येईल. महिला विद्यापीठास पंधरा लाख मिळाले ही बातमी वर्तमानपत्रांत आली. ह्या शाळांची बातमी क्वचितच कोठे आली असेल. आम्हांस तर महर्षींच्या आयुष्यातील हा भाग सर्वांत गोड वाटतो.

आणि १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापिला. उच्चनीचतेचा भेद नाहीसा व्हावा, मनुष्यमात्रास सारखे मानावे, एवढाच त्याचा हेतु. मानवी समता नावाचे मासिकही त्यासाठी चालविले. विठ्ठल रामजी शिंदे त्याच साली जानेवारीत वारले होते.

मुलेही आपापल्या परीने निराळी निघाली. थोरले रघुनाथ ह्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला. त्यापायी त्यांची नोकरी गेली व कोर्टात दंडही भरावा लागला. दिनकर फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि त्यांची पत्नी इरावतीबाई मानवशास्त्रात व मराठी वाङ्मयात नावाजली. भास्करांनी हिंगण्याचे काम पुढे चालविले. आनंदीबाई १९५० साली वारल्या.

सन्मान उशिरा आले, पण आले. निरनिराळ्या विद्यापीठांनी पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण व १९५८ साली, शंभरावे वर्ष पुरे झाले तेव्हा, भारतरत्न ही पदवी सरकारने दिली. त्याच वर्षी त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट निघाले. हयात असलेल्या माणसाचे तिकीट भारताने काढावे असे पूर्वी झाले नव्हते. ज्या मुरुडाने त्यांस बैठकीतून उठविले होते तेथील टपालातही ते तिकीट लागून पत्रे आली असतील.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. हिंगणे बुद्रुकच्या त्या माळास आता कर्वेनगर म्हणतात. चोहोंकडे मोठाल्या इमारती झाल्या आहेत, हजारो मुली तेथे शिकतात. आणि त्यांच्या मध्ये १९०० सालची ती झोपडी अद्यापि जतन करून ठेविलेली आहे.